पेपरातला भगवंत

“शकुनबाई, तुमचा भगवंता विलायतेले कधी गेलता व?”

शेजारच्या नारळवाल्या गोवर्धननं पेपरातून डोकं वर काढून विचारलं. शकुन झेंडूच्या टोपलीवर पाणी शिंपडत होती. तिच्याजवळ मांडी घालून तिचा धाकटा भाऊ भगवंत हार ओवत होता. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळाबाहेर दोघांचं फुलांचं दुकान होतं. फुलं स्वतःच्याच बागेतली.

“सकायी सकायी मस्करी नका करू भाऊ.”

“मस्करी नाई. छापून आलं हाय, आयका.” गोवर्धन बोट ठेवून वाचू लागला. “विलायतेत भरलेल्या बहिऱ्यामुक्यांच्या जागतिक सामन्यांत हिंदी पथकाची घोर निराशा झाली. एकालाही पदक नाही. धावण्याच्या शर्यतीत अमरावतीचे भगवंत केशव राऊत हे सर्वांत मागे राहिले.”

शकुनच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“पुढं आयका. पथकाचे व्यवस्थापक वामनराव वकील यांनी अकोल्यातील सभेत सांगितले की, आपल्याकडील बहिऱ्यामुक्यांच्या अंगी स्पर्धेची कुवतच नाही. पुन्हा असे पथक पाठवणे व्यर्थ आहे.”

भगवंतला ऐकू येत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा त्याला वाचता येई. तो उठला आणि गोवर्धनच्या खांद्यावरून पेपरात डोकावला. त्याला एकच गोष्ट लिहिता-वाचता येत होती, ती म्हणजे स्वतःचं नाव. गोवर्धननंच ते त्याला पाटीवर काढून दिलं होतं, आणि बागेतल्या ओल्या मातीत काडीनं गिरवून गिरवून त्यानं ते पाठ केलं होतं. ते नाव त्याला त्या बारीक अक्षरांच्या गर्दीत सापडलं. त्यानं पेपर ओढून घेतला, नावावर बोट आपटलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर आपटलं. मी! हा मी! देवळातून येणाऱ्या दोन बायांना त्यानं ते दाखवलं. हसत हसत तो शकुनकडे आला आणि हातानं विचारू लागला, काय लिहिलंय? माझं काय लिहिलंय?

शकुननं त्याच्याकडे पाठ केली.

उन्हाळा लागायच्या आधी अकोल्याच्या मैदानावर निवड झाली होती. मध्यप्रांत-वऱ्हाडातून एकच धावणारा घ्यायचा होता. वामनरावांनी रुमाल खाली टाकला आणि भगवंत सुटला, तो बाकीचे निम्म्यावर असताना पलीकडे जाऊन उभा राहिला. वामनरावांनी त्याची पाठ थोपटली. कागदावर त्याला नाव लिहायला लावलं. मग दोन महिन्यांनी वकिलांचा माणूस अमरावतीला आला आणि सांगून गेला की सरकारची मंजुरी आली नाही, पथक रद्द झालं. शकुननं ते भावाला सांगितलं तेव्हा तो तीन दिवस जेवला नव्हता. तरी पहाटे बागेच्या बांधावरून पळायचं त्यानं सोडलं नाही. कधीतरी बोलावतील, असं त्याला वाटत असावं.

“दुकान पाहान का आजच्या रोज?” शकुन गोवर्धनला म्हणाली. “आमी अकोल्याले जाऊन येतो.”

“जाऊन काय करसान? वकील हाये थो.”

“वकील असन त्याच्या घरचा.”

बडनेऱ्याला गाडी बदलून दोघं दुपारी अकोल्यात उतरली. वाटभर भगवंत खुशीत होता. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. आपल्याला कौतुकासाठी बोलावलंय अशी त्याची समजूत झाली होती, आणि शकुननं ती मोडली नव्हती. खरं काय ते वकिलाच्याच तोंडून काढायचं, मग भावाला सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

वामनराव बंगल्याच्या ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. शेजारच्या खुर्चीत त्यांचा भाचा दिगंबर होता. नागपूरच्या कॉलेजात शिकणारा, गोरा, सडपातळ मुलगा. अंगात निळा कोट, खिशावर पथकाचं जरीचं चिन्ह शिवलेलं. भगवंतला पाहून वकिलांचा झोपाळा थांबला.

“माह्या भावाच्या नावावर कोन पळालं, वकीलसायेब?”

प्रश्न ऐकताच दिगंबरनं मामाकडे पाहिलं. वकील घसा साफ करून म्हणाले, “बस बाई. हे बघ, नाव आधीच कळवून झालं होतं. पण या माणसाला आगबोटीवर कोणी सांभाळायचं? ताप आला तर सांगता आलं असतं त्याला? उद्या समुद्रात पडला असता तर तूच माझ्या नावानं बोटं मोडली असतीस.”

“बाकीचे मुकेच होते ना? ते नाई पडले समुद्रात.”

“ते शिकलेले होते.”

“म्हनून ह्याले धाडलं?” शकुननं दिगंबरच्या कोटाकडे बोट केलं. “ह्याले तर आयकू येते!”

“लहानपणी त्याचा कान फुटत असे,” वकील म्हणाले. “डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय.”

दिगंबरला हसू आलं. गेले आठ दिवस तो हीच हकिकत मित्रांना रंगवून सांगत होता, तशीच त्यानं ती आताही सांगितली. “मी हरलो नसतो हो बाई. पण तिथं पिस्तूल उडवत नाहीत. निशाण पाडतात. मी आपला सवयीनं आवाजाची वाट बघत राहिलो. बघतो तर बाकीचे केव्हाच गेलेले!”

शकुन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“माहा भाऊ जलमभर लोकायचे हातच पाहत आला,” ती म्हणाली. “त्याले निशान दिसलं नसतं का? तू उभा राह्यला कान लावून, अन् पेपरात छापलं का बहिरे कुचकामी हायेत! आता कोनाले जाऊ देनार नाई म्हंते. वकीलसायेब, पेपरात लिवून द्या. हारला थो भगवंता नाई. थो बहिराबी नाई.”

“तसं लिहिलं तर मी खोटा ठरेन.”

“तुमी हायेच खोटे.”

“तोंड सांभाळ!” वकील उठले. “जा कोर्टात. साक्ष कोण देणार? हा देणार?”

त्यांनी भगवंतकडे बोट केलं. बोट आपल्याकडे आलेलं पाहून भगवंतनं हात जोडून नमस्कार केला. मग शकुनच्या दंडाला धरून तो पुन्हा विचारू लागला, काय म्हणतायत?

शकुननं सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. तो मातीत गिरवायचा तसं हवेत त्याचं नाव गिरवलं, दिगंबरकडे बोट दाखवलं, दोन बोटं पळवली आणि शेवटी करंगळी वर केली. सगळ्यांत मागे. भगवंत हसला. त्याला ती थट्टा वाटली. तिनं पुन्हा तेच केलं, या वेळी सावकाश. मग त्यानं दिगंबरच्या कोटाकडे पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं.

तो पुढे आला तसा दिगंबर खुर्चीतून उठून मागे सरकला. वकील घाईनं म्हणाले, “दिगू, तो कोट दे त्याला. देऊन टाक. घे रे बाबा, तुझ्याच नावाचा आहे.”

दिगंबरनं कोट काढून दिला. भगवंतनं तो अंगात घातला. खांद्याला तो ताणला गेला, बाह्या मनगटाच्या वीतभर वर राहिल्या. भगवंतनं आपल्या उघड्या मनगटांकडे पाहिलं. मग त्यानं कोट काढला, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली आणि ती झोपाळ्यावर ठेवली. ओसरीच्या पायऱ्या उतरून तो चालू लागला.

शकुन त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. तिथं तिचे पाय थांबले. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे चालल्या होत्या. ती बंगल्याकडे वळली आणि ओरडली, “चोर हायेत हे! माह्या भावाचं नाव चोरलं ह्याइनं! बहिऱ्याच्या जागेवर आयकनारा पोट्टा धाडला, अन् हारून आले!”

गाडीवान थांबले. एकानं विचारलं, “काय झालं वं माय?” तिनं सगळं सांगितलं. मागून दुसऱ्या गाड्या आल्या, तिनं त्यांनाही सांगितलं. एक जण म्हणाला, “जाऊ दे बाई, मोठे लोक हायेत.” त्यानं बैल हाकलले. ती ओरडतच राहिली. भगवंत परत फिरून तिच्याजवळ आला होता. त्यानं तिच्या पाठीवर तळवा ठेवला, तेव्हा तिच्या ओरडण्याची थरथर त्याच्या हाताला लागली.

अखेर तिचा घसा बसला. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता.

लहानपणी भगवंत ओरडला की गल्लीतली पोरं त्याची नक्कल करून हसायची. म्हणून आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. तेव्हापासून चारचौघांत त्यानं तोंडातून आवाज काढला नव्हता. आता त्यानं बहिणीला मागे घेतलं, फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले आणि तोंड उघडलं.

त्या आवाजात शब्द नव्हते. रस्त्यावरचे बैल बुजले. ओसरीवरून दिगंबर आत गेला. थोड्या वेळानं दिवाणखान्याची खिडकी आतून लागली, मग दुसरी लागली.

भगवंतनं श्वास घेतला, आणि पुन्हा ओरडला.