रिकामा कॅमेरा

नवऱ्या मुलानं रीतीप्रमाणे अंड्यावर पाय दिला, अंडं फुटलं, नवरी पाय धुवायला वाकली. त्रिमाननं बटण दाबलं आणि त्याचा अंगठा सवयीनं उजवीकडे सरकून हवेतच राहिला. ओढायला तिथे काही नव्हतं. नव्या कॅमेऱ्यात रीळ नव्हतं, त्यामुळे ते पुढे सरकवायचा खटकाही नव्हता. सकाळपासून असं कितीदा तरी झालं होतं.

"बापाक, परत," रातीह शेजारून हळूच म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि अंगठा मुठीत लपवला.

रातीह त्याची मुलगी. सहा महिन्यांचं पोर आईकडे ठेवून ती आज कामावर आली होती. दर दोन तासांनी सायकलवरून घरी जाऊन दूध पाजून यायची, आणि परत आली की मागे काय काय झालं ते कॅमेऱ्यातच बघून घ्यायची. नव्या कॅमेऱ्याचा हट्ट तिचाच. दोन वर्षं ती बापाच्या मागे लागली होती. तालुक्याच्या गावातल्या सगळ्यांनी घेतले, पोरं आता रिळाला हसतात, धुवायचं दुकानसुद्धा बंद व्हायला आलंय. त्रिमान दर वेळी नवं कारण काढायचा. कधी रंग खरे येत नाहीत म्हणायचा, कधी वीज गेली तर काय करशील म्हणायचा. खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या पाठीला काच होती. फोटो काढला की तो तिथे दिसायचा, आणि एकदा एकाला दिसला की सगळ्या मांडवाला बघायचा असायचा. मास्तरांची धाकटी मुलगी आज नवरी होती. तिची आत्या तीनदा मागे येऊन बघून गेली, तिन्ही वेळा स्वतःची हनुवटी तिला पसंत पडली नाही आणि तिन्ही फोटो तिनं पुसायला लावले. चौथ्या वेळी मास्तर म्हणाले, कॅमेरा बदलून काही उपयोग नाही, हनुवटी तीच आहे. आत्या त्यानंतर जेवायलाच निघून गेली.

केळीचे घड बांधलेल्या कमानीपाशी गर्दी जरा पांगली, तेव्हा रातीह म्हणाली, "चला, आता मागच्या बायकांचे काढून येऊ."

"नको. कामात असतात त्या."

"तुम्ही तर दर लग्नात काढायचात. लहानपणी मी बघितलंय. म्बाह गियेम आणि म्बाह कासिरान शेजारी शेजारी, अगदी ताठ उभे."

त्रिमाननं रुमाल काढला आणि स्वच्छ असलेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

काढायचा, ते खरंच होतं. लग्नघरी तीन दिवस आधीपासून गल्लीतल्या बायका रांधायला यायच्या. फणस चिरायच्या, नारळ खवायच्या, भाताच्या पाट्या उपसायच्या. म्बाह गियेम, म्हणजे गियेमआजी, त्यांची मुख्य. तिचा नवरा, म्बाह कासिरान, एरवी नाक्यावर सायकली दुरुस्त करायचा आणि लग्नात चहाची चूल सांभाळायचा. जेवणं उरकली की ही सगळी मंडळी त्रिमानला हाक मारायची. आमचा एक काढ की. छत्तीस फोटोंचं रीळ, त्यातला एकेक यजमानांचा. तेव्हा त्रिमान गळ्यातला कॅमेरा बाजूला सारायचा आणि पिशवीतून दुसरा काढायचा. या दुसऱ्यात रीळ नसायचं. फ्लॅश तेवढी झगमगायची. धंद्यातले सगळेच असं करायचे, आणि यजमानांच्या आल्बममध्ये आपण का नाही हे विचारायला चुलीवरची बायका-माणसं कधी जायची नाहीत. कोणाला दुखवायचं नाही, रीळही वाया घालवायचं नाही. तरुणपणी त्रिमानला ही युक्ती मोठी सोयीची वाटली होती.

पावणेतीन वर्षांमागे कासिरान गेला. येत्या पंधरवड्यात त्याचा हजारावा दिवस होता. त्या दिवशी प्रार्थनेला गल्ली जमणार, समोर फोटो ठेवणार. फोटोच नव्हता. ओळखपत्रावरचा होता, तो पुरात भिजून पांढरा पडलेला. गियेमची मुलं चहाच्या टपरीवर म्हणत होती, त्रिमानकाकांनी वीस वर्षं फोटो काढलेत बाबांचे, त्यांच्याकडे एखादा मिळेलच. हे ऐकल्यापासून त्रिमान त्या रस्त्यानं जाईनासा झाला. घरी त्यानं बत्तीस वर्षांच्या निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहिल्या. पोत्यांनी निगेटिव्ह, आणि त्यात कासिरान एवढाच, एका नवरदेवाच्या पाठीमागे चहाचं तबक आणि तबकाखाली एक कोपर. तो फोटो छापून त्यानं खिशात ठेवला होता. द्यायचं धाडस होत नव्हतं. एवढे काढले, त्यातलं कोपर तेवढं उरलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं.

आणि आता ही काच. बायका आज फोटो बघणार, लगेच, स्वतःच्या डोळ्यांनी. मग कोणीतरी म्हणणारच, आणि आधीचे कुठे आहेत?

"त्रिमान," मांडवाच्या मागच्या कनातीतून हाक आली. "आज आमच्याकडे फिरकणार नाहीस वाटतं? नवा कॅमेरा घेतलास म्हणून शहाणा झालास का?"

म्बाह गियेम पदराच्या टोकानं गळा पुसत उभी होती. रातीह तोवर तिकडे पोचलीसुद्धा.

स्वयंपाकाच्या छपरात धूर कोंडला होता. बायकांनी भराभर ओळ केली, कोणी बुचडा सावरला, कोणी पुढच्या बाईच्या मागे पोट लपवलं. गियेम मात्र हातातल्या पळीसकट, घामेजल्या कपाळानं, आहे तशी मधे येऊन उभी राहिली. रातीहनं बटण दाबलं. त्रिमान दारातच थांबला.

कॅमेऱ्याभोवती झुंबड उठली. कोण कशी दिसते यावरून एकमेकींची भरपूर थट्टा झाली. एकीचं म्हणणं पडलं, तिला मुद्दाम कडेला ठेवलंय. मग काच गियेमपुढे आली. तिनं मान मागे घेऊन, डोळे बारीक करून पाहिलं. पळी पाहिली, विसकटलेले केस पाहिले.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा खरा होता?"

बायका हसल्या. म्हातारीला नवं यंत्र कळलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. रातीहही हसली. त्रिमान हसला नाही. गियेमनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं. पळी शेजारणीच्या हातात देऊन ती म्हणाली, ये, चहा घे, उन्हाचा उभा आहेस.

चहाची चूल छपराच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत होती. आता ती कासिरानचा पुतण्या सांभाळायचा, पण तो तबक घेऊन मांडवात गेला होता. गियेमनं स्वतः पेला भरला, वर झाकणी ठेवली. त्रिमाननं पेला दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.

"कधीपासून माहीत आहे, म्बाह?"

"याच घरच्या थोरलीच्या लग्नापासून." तिनं बोटांवर मोजलं, मग सोडून दिलं. "मला कुठलं कळायला. ह्यांनी बघितलं. चाक फिरतंय की नाही, जन्मभर तेवढंच बघत आले. मला म्हणाले, त्याच्या एका कॅमेऱ्याला डावीकडे बारकी चकती आहे, खटका ओढला की फिरते. दुसऱ्याची ढिम्म हलत नाही. साखळी उतरलीय."

त्रिमान खाली बघत राहिला. पेल्यातल्या पानाचा चुरा हळूहळू तळाला बसत होता.

"मग विचारलं का नाही?"

"मी म्हणत होते विचारू या. तर म्हणाले, पोरं लहान आहेत त्याची, रीळ परवडत नसेल. विचारलंस तर तोंड लपवत फिरेल." तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तोंड लपवत फिरतोयस तसाही. गेले दोन महिने तळ्याकडून वळसा घालून जातोस म्हणे."

सदऱ्याच्या खिशातून त्यानं तो फोटो काढला आणि तिच्यापुढे धरला. एवढंच मिळालं, असं काहीतरी पुटपुटला.

गियेमनं फोटो उजेडाकडे नेला. नवरदेवाकडे तिनं पाहिलंही नाही. तबकाखालच्या कोपरावर तिचं बोट बराच वेळ टेकून राहिलं.

"ह्यांचंच," ती म्हणाली. "बाही बघ ना, तीन घड्या. दोन घातल्या तर तेल लागतं म्हणायचे." फोटो तिनं पोलक्यात सारला. मग जरा हसून म्हणाली, "लग्न असलं की सदरा धुतलेलाच लागायचा ह्यांना. मी म्हणे, अहो, निघणार नाही तो फोटो, साबण कशाला घालवता? तर म्हणायचे, तो जवळ या, अजून जवळ या म्हणतो ना, तेवढ्यासाठी जायचं. एरवी चारचौघांत तुझ्या खांद्याला खांदा लावून उभं राहू देतंय कोण?"

मांडवात कोणीतरी ध्वनिक्षेपकावर गाणं लावलं, ते मधेच अडकलं, पुन्हा सुरू झालं. गियेमनं हात पदराला पुसले. केस मागे घेऊन बुचडा घट्ट केला.

"तो दुसरा आणलायस का?" तिनं विचारलं. "रिकामा?"

आणला होता. सकाळी पिशवी भरताना त्यानं तो तळाशी ठेवला होता, फ्लॅशला नवे सेलही घातले होते. रातीहनं पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, म्हाताऱ्यालाही लग्नाला नेताय वाटतं. त्यालाही तेव्हा सांगता आलं नव्हतं कशासाठी.

"म्बाह, नव्यातच काढतो ना. चांगला मोठा छापून देतो."

"तोही दे. मुलांना हवाच आहे माझा एखादा. पण ह्यांच्याबरोबरचे सगळे त्या रिकाम्यात आहेत."

रातीह काहीतरी विचारायला भिंतीच्या कडेला आली होती. बाप पिशवीतून जुना कॅमेरा काढतोय हे बघून ती तिथेच उभी राहिली. तिच्या हातातला नवा कॅमेरा तिनं वर उचलला नाही.

गियेम भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अगदी मधे नाही, जरा उजवीकडे. त्रिमाननं डोळा लावला, मग एक पाऊल मागे घेतलं. दोघं मावायला तेवढं लागायचं.

"जवळ या," तो म्हणाला. "अजून जवळ."

गियेम डावीकडे सरकली, फार नाही, खांद्याला खांदा लागेल एवढीच. फ्लॅश झगमगली. चुलीजवळ दाणे टिपणारी कोंबडी फडफडून पळाली.

"झालं?"

"झालं."

"ह्यांनी डोळे मिटले असणार," गियेम म्हणाली. "दर वेळी मिटायचे."

"मग आणखी एक घेऊ," त्रिमान म्हणाला, आणि अंगठ्यानं खटका ओढला.