मीच ढकललं त्याला

थोरल्या बहिणीच्या इस्त्रीच्या दुकानात शिरून नवऱ्याने माहेरी आलेल्या धाकटीची वेणी मुठीत धरली आणि तिला दाराकडे ओढायला लागला. थोरलीने हातातली इस्त्री टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तो टेबलावर आदळला, टेबल कलंडलं आणि तापलेली इस्त्री त्याच्या दंडावर पडली.

संध्याकाळी पोलीस आले ते थोरलीला न्यायला. त्याने फिर्याद दिली होती: मेहुणीने तापल्या इस्त्रीने मारलं.

चौकीत थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुटणार, तेवढ्यात आईने गाठलेल्या वकीलबाई आत आल्या.

"एक शब्द बोलू नका."

"पण मी खरं तेच सांगतेय!"

"सांगायचंच आहे. पण आधी मला, शांतपणे. इथे रागाच्या भरात काही भलतंच बोललात, तर कोर्टात तेच तुमच्या अंगावर येईल."

जामीन मिळाल्यावर वकीलबाईंनी तिला समोर बसवलं. "आता तारखांवर तारखा पडतील. प्रत्येकीला हजर राहायचं. त्याच्या वाटेला जायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. तो डिवचेल, तेव्हा जीभ दाताखाली धरायची."

"आणि सुटेन ना?"

"लढू नक्की. पण खोटा दिलासा देणार नाही. शिक्षाही होऊ शकते."

दुसऱ्या दिवशी थोरलीने दुकान उघडलं. निम्मी गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. एकजण कपडे देताना म्हणाला, "जरा सांभाळून हं, तुमची इस्त्री माणसांवरही फिरते म्हणे."

"शर्ट काढून द्या म्हणजे झालं," ती म्हणाली. तो ओशाळून हसला.

मग धाकटीच्या सासूचा आईकडे निरोप आला. सून परत पाठवा, मुलगा फिर्याद मागे घेईल. थोरली घरी आली तेव्हा धाकटी बॅग भरत होती.

"ताई, माझ्यापायी तुझ्यामागे हे लचांड. मी जाते."

"काढ ते कपडे बाहेर."

"तुला शिक्षा झाली तर?"

"झाली तर भोगीन. तुला त्याच्या हवाली करून मला सुटायचं नाही. माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर कोर्टात ये आणि काय घडलं ते सांग."

"त्यांच्यासमोर? माझी दातखीळ बसेल गं."

बॅगेतला एकेक कपडा काढून थोरली घड्या घालत बसली. थोड्या वेळाने धाकटीही शेजारी बसून घड्या घालायला लागली.

साक्षीच्या दिवशी धाकटीच्या तोंडून आवाजच फुटेना. न्यायाधीशांनी तिला पाणी द्यायला सांगितलं. "सावकाश बोला."

"ताईने इस्त्री उचलली नव्हती," ती म्हणाली. "ढकललं मात्र तिनेच. माझे केस त्यांच्या मुठीत होते."

"बहिणीला वाचवायला आलात ना?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो. पण घडलं तेच सांगतेय."

मागच्या बाकावरून नवरा ताडकन उठला. "घरी ये तू, मग दाखवतो!"

थोरली अर्धी उठली होती. वकीलबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ती ओठ चावून खाली बसली. न्यायाधीशांनी नवऱ्याला खडसावलं आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं नोंदवून घेतलं.

निकाल लगेच लागला नाही, आणखी बरेच हेलपाटे झाले. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, की इस्त्रीने मारल्याचं सिद्ध होत नाही आणि बहिणीला सोडवायला ढकलणं हा गुन्हा नाही. थोरली निर्दोष सुटली.

बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली. आई डोळ्यांना पदर लावून बाजूला उभी होती. धाकटी मात्र वकीलबाईंना विचारत होती, "मला फिर्याद द्यायचीय, माझी. आज देता येईल?"

"येईल की."

थोरली धडपडत उठली. "थांब, मीपण येते."

"ये," धाकटी म्हणाली, "पण बोलणार मी."