कारभारीबापूंचे सात हंडे

प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, की तिखटमीठ लावल्याशिवाय त्याला साधी बातमीसुद्धा सांगता येत नाही. बाजारात दोघांची बाचाबाची झाली, तर घरी येईपर्यंत त्याच्या तोंडी तिची हाणामारी झालेली असते. आपण ऐकतो, हसतो आणि सोडून देतो. वडाच्या टाकळीचे कारभारीबापू असेच होते, आणि अख्खं गाव त्यांचं ऐकून असंच हसत होतं.

ही टाकळी करमाडच्या अंगाला, छत्रपती संभाजीनगरपासून तासाभराच्या आत. गावाच्या कडेला अठराव्या शतकातला एक भुईकोट किल्ला आहे. निजाम-मराठ्यांच्या धामधुमीत कुण्या सरदारानं फौजेच्या ठाण्यासाठी बांधलेला. चार बुरूज, वळणाचा दरवाजा, विहीर आणि दारूगोळ्याचं कोठार. कित्येक वर्षं आत वेड्या बाभळी माजल्या होत्या. गेल्या साली गावकऱ्यांनी त्या तोडल्या, सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं फाटक बसवलं, आणि रविवारी शहरातली मंडळी गाड्या घेऊन येऊ लागली. त्यांना किल्ला दाखवायचं काम शेंद्र्याच्या कंपनीतून रिटायर झालेल्या बापूंकडं आपोआपच आलं. बोलण्यात त्यांचा हात धरणारं गावात दुसरं होतं कोण?

पहिल्या रविवारी बापूंनी खात्याच्या साहेबांनी दिलेली माहिती पाठ करून जशीच्या तशी म्हटली. तटाची जाडी, बुरुजाची उंची. पाहुणे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. ज्यांच्या बोलण्याला पारावर गर्दी जमते, त्यांच्यासमोर लोकांनी जांभया द्याव्यात, हे बापूंच्या जिव्हारी लागलं. पुढच्या रविवारी कोठारापाशी येताच त्यांनी आवाज खाली आणला. या फरशीखाली सरदारानं मोहरांचे सात हंडे पुरलेत, असं ते म्हणाले मात्र, सगळ्यांच्या माना वर झाल्या.

मग काय! दर रविवारी गोष्ट वाढत गेली. हंड्यांवर नाग बसला, नागाच्या डोक्यावर मणी आला. पाहुण्यांनी व्हिडिओ काढले, ते फिरले, गर्दी दुप्पट झाली. बापूंच्या पत्नी द्वारकाबाई आणि त्यांच्या बचत गटाच्या बाया फाटकापाशी पिठलं-भाकरी विकत. त्यांचीही चंगळ झाली.

खटकलं फक्त सुनेला. राजनंदिनी करमाडच्या शाळेत इतिहास शिकवायची. एकदा जेवताना तिनं विषय काढलाच. बापू हसले. "आगं पोरी, भाजीला मीठ लागतंच ना?"

"लागतं, बापू. पण तुमच्या ताटात आता नुसतं मीठच उरलंय."

बापूंनी ते हसण्यावारी नेलं.

एका सोमवारी सकाळी बापू फाटक उघडायला गेले, तर आतून कुणीतरी कण्हत होतं. कोठाराची फरशी फोडलेली, लिंबं आणि कुंकू विखुरलेलं, मधोमध कमरेएवढा खड्डा आणि त्यात एक तरुण. कोपऱ्याची भिंत खचून तिचा दगड त्याच्या पायावर आला होता. त्याचा जोडीदार घामाघूम होऊन तो हलवायला बघत होता. बापूंनी आरडाओरडा करून गाव गोळा केलं. पहार लावून दगड उचलला, पोराला बाहेर काढलं. घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, पण पाय वाचला.

बिडकीनला मोबाइलचं दुकान चालवणारा प्रणय नावाचा तो मुलगा. चांगला शिकलेला. गुप्तधनाच्या नादाला कसा लागला, असं लोकांनी दरडावून विचारलं, तेव्हा त्यानं भाबडेपणानं बापूंकडं बोट दाखवलं. "काकांनीच तर सांगितलं होतं. सात हंडे म्हणून."

या खेपेला कुणीच हसलं नाही.

पोलीस आले, खात्याचे साहेब आले. खचलेली भिंत पाहून त्यांनी किल्ला बंद केला. पुन्हा कधी उघडेल ते सांगता येत नाही म्हणाले. फाटकापाशी चूल थंड पडली. बापूंनी घराबाहेर पडणं सोडलं. आपण आता तोंड उघडायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

चार-सहा आठवड्यांनी भिंत चुन्यात पुन्हा बांधायला कारागीर आले. राजनंदिनी बापूंना बळंच तिथं घेऊन गेली. बापू वळणाच्या दरवाजात मान घालून बसले. तिनं विचारलं, "हा दरवाजा सरळ का नाही हो बांधला? असा वाकडा कशाला?"

"हत्तीसाठी," बापू पुटपुटले. "सरळ वाट असली, तर हत्ती पळत येऊन धडक देतो. वळणावर त्याला पळायला जागाच नाय ऱ्हात. आन तो अडकला, की वरून मार."

"मग हे कधी का नाही सांगितलं लोकांना?"

"ह्याला कोण ऐकतंय?"

"मी ऐकत होते ना आत्ता." ती त्यांच्याशेजारी बसली. "बापू, लोक हंड्यांसाठी नव्हते थांबत, तुमच्या सांगण्यासाठी थांबत होते. पण तुम्ही त्यांना जमिनीखाली बघायला लावलंत. समोर एवढा किल्ला उभा आहे, त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. ज्याच्याकडं कुणी बघत नाही, ते फोडायला हात कचरत नाहीत."

बापू उठून विहिरीकडं गेले. काठाच्या दगडात दोर घासून घासून खोल चर पडले होते. लहानपणी ढोरं पाजायला ते इथं येत, पण ते चर कधी हाताळले नव्हते. त्यांनी एकात बोट घातलं. सुंभाच्या दोरानं काळा दगड कापला होता! किती शिपायांनी, किती घोड्यांसाठी पाणी शेंदलं असेल?

"ह्ये सांगतो," ते म्हणाले. "ह्येच सांगतो."

पावसाळा सरल्यावर किल्ला उघडला. पहिल्याच रविवारी शहरातून एक बस आली. एकानं आल्या आल्या हंड्यांची चौकशी केली. बापूंनी सरळ सांगितलं, की हंडे नाहीत, कधी नव्हते. ती माझी थाप होती आणि तिच्यापायी एका पोराचा पाय जाता जाता वाचला. पाहुणे जरा हिरमुसले. तेवढ्यात बापूंनी त्यांचे दोन गट पाडले. निम्म्यांना पिवळी पानं गोळा करायला लावून तटावर चढवलं, निम्म्यांना बाहेर काढून सांगितलं, "तुमी गनीम. घ्या किल्ला!"

हिमांशू नावाचे धिप्पाड इंजिनिअर हत्ती झाले. ते चित्कार करत धावत आले आणि वळणावर भिंतीला हात टेकून थांबले. मागची फौज त्यांच्या पाठीवर आदळली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. आणि वरून पानांचा असा मारा झाला, की गनिमाला हसून हसून उभं राहवेना. डोक्यावरचं पान काढत हिमांशू वर बघत राहिले. "काय डोकं लावलंय हो बांधणाऱ्यानं!" ते म्हणाले. मग त्यांनी त्या दगडांवरून हळूच हात फिरवला, जसा आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाठीवरून फिरवतो.

मंडळी, जुन्या वास्तू चुन्यानं जोडता येतात, पण टिकतात त्या आपल्या बोलण्यानं. थाप मारणाऱ्याच्या हातात कुदळ नसते, तरी खड्डा तोच खणत असतो. म्हणून पुढं काही सांगताना, कुणाला काही पाठवताना, आधी एवढं बघावं, की ते खरं आहे का. खरं रंगवून सांगायला थोडे कष्ट पडतात, एवढंच.

त्या दिवशी बस तासभर उशिरा सुटली. गनिमांनी एका चढाईवर हार मानायला साफ नकार दिला होता.