उजव्या चाकाचा आवाज

आप्पांच्या जुन्या गाडीनं दोन तक्रारी लावून धरल्या होत्या. स्टिअरिंग वळवताना जड जायचं, कण्हायचं; आणि वेग घेतला की पुढच्या एका चाकातून घूंऽऽ असा आवाज निघायचा. लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, रविवारी येतेय मी. तोवर आवाज गेला नाही तर गाडी भंगारात. आईला त्या गाडीत बसवायचं नाही."

गाडी भंगारात जाऊ देणं आप्पांना मुळीच मान्य नव्हतं. बरं, ती दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवणंही त्यांच्या जिवावर यायचं. बाह्या सरसावून ते स्वतःच कामाला लागले.

स्टिअरिंगचं दुखणं लगेच सापडलं. ऑइलचा पाइप जोडापाशी पाझरत होता. पाइप बदलला, ऑइल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, तशी आतली हवा बुडबुडे सोडत निघून गेली. मग एका बोटानं स्टिअरिंग फिरवून त्यांनी बायकोला ऐटीत दाखवलं.

आता चाक. आवाज डावीकडचाच, याबद्दल आप्पांना तिळमात्र शंका नव्हती. दुकानदाराच्या आग्रहावरून बेअरिंगची जोडी आणली. नट सोडवताना पाना निसटला, बोटं सोलली. पण डावं बेअरिंग वर्कशॉपातून प्रेसवर दाबून बसवून आणलं आणि शनिवारी सकाळी नवरा-बायको फेरी मारायला निघाली. चौक मागे पडला, गाडीनं वेग घेतला, आणि पुन्हा घूंऽऽ. आप्पांचा चेहरा एवढासा झाला.

"अहो, आवाज उजवीकडून येतोय," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

"छे! मला स्पष्ट डावीकडून ऐकू येतोय."

"तुम्हाला सगळंच डावीकडून ऐकू येतं."

आप्पांनी गाडी घराकडे वळवली. घरी येऊन त्यांनी मुकाट्यानं उजवं चाक उचललं, चाकामागच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला आणि बायकोला चाक फिरवायला सांगितलं. हाताला बारीक थरथर लागली. वाद तिथंच मिटला. जोडीतलं दुसरं बेअरिंग होतंच. दुपार कलायच्या आत तेही बसलं.

संध्याकाळच्या फेरीत गाडी इतकी शांत धावली की आप्पांना गहिवरून आलं. आता खुशाल येऊ दे लेकीला! गाडी लावून दोघं घराकडे चालू लागली. बायको मागून वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला आली. बागेत, बाजारात, जेवणाच्या टेबलावर तिची जागा हीच, हे आप्पांच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

"माझ्या कानाचं तुला कधीपासून माहीत आहे?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती हसून म्हणाली. "उजवीकडे उभी राहून. तेव्हापासून जागा बदलली."