माझा ब्रेक कुणी दाबून पाहिला नाही

मी दोन सीटांची बाबागाडी बोलतेय. काहीतरी गोड ऐकायला मिळेल म्हणून थांबला असाल तर आत्ताच पुढे जा. माझं डोकं तापलेलं आहे, आणि ते का तापलं हे मी आज सांगणार आहे.

माझा जन्म उल्हासनगरातला, एका पत्र्याच्या गाळ्यातला. तिथे नळ्या वाकवतात, कापड शिवतात, चाकं बसवतात आणि शेवटी परदेशी वाटेल असं एखादं नाव चिकटवून देतात. माझ्या पाठीवर जे नाव आहे ते त्या गाळ्यात कुणालाच धड वाचता येत नव्हतं. दिवाळीआधीची घाई होती. माझ्या मागच्या चाकांच्या मध्ये एक पट्टी आहे. ती पायाने दाबली की दोन्ही बाजूंच्या खिळ्या चाकांच्या दात्यांत अडकतात आणि मी जागच्या जागी उभी राहते. हा माझा ब्रेक. माझी डावी खिळी आखूड निघाली. बसवणाऱ्या कारागिराने ती मालकाला दाखवली. मालक फोनवर होता. फोन कानाला तसाच ठेवून म्हणाला, "चल जाएगा. बच्चे का वजन कितना होता है?"

झालं. मी खोक्यात गेले. सपाट फरशीवर माझा ब्रेक लागतो, उतारावर एका बाजूने सुटतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण गाडीला तोंड कुठे असतं?

बाजारातल्या एका दुकानात मला काचेमागे उभं केलं. लाल कापड, शेजारी-शेजारी दोन सीटा, वर दोन छत्र्या. लोक थांबून बघायचे. अशाच एका रविवारी शलाका आली.

ती बदलापूरची, शिरगावात नवीन झालेल्या एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारी. खांद्यावर दीड महिन्याची मुलगी, एका हाताला अडीच वर्षांचा सनी. सोबत नवरा, सुजित. शलाका सरळ कोपऱ्यातल्या एका करड्या गाडीपाशी गेली. तीही दोन सीटांचीच, पण एक पुढे, एक मागे. दिसायला अगदी साधी. शलाकाने सनीला तिच्यात बसवलं, बाळ खांद्यावर तसंच धरलं आणि एका हाताने गाडी दुकानात फिरवून पाहिली.

"ही वळते," ती म्हणाली. "एका हाताने वळते."

सुजितचे डोळे माझ्यावर होते. "अगं, ही बघ ना. काय लूक आहे हिचा. बारशाला फोटो काय मस्त येतील."

"रुंद आहे ही. आपल्या लिफ्टचं दार केवढं आहे, आठवतंय ना? फ्रीज जिन्याने न्यावा लागला होता."

"फ्रीजचं वेगळं. ही फोल्ड होते."

"फोल्ड केल्यावर ह्या दोघांना कुठे ठेवू?"

सुजितने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो दुकानदाराकडे वळला. दुकानदार पहिल्यापासून त्याच्याशीच बोलत होता. "साहेब, आजकल हीच चालते. दोन्ही बच्चे बाजूबाजूला. भांडण नाही, टेन्शन नाही."

"ब्रेक कसा आहे?" शलाकाने विचारलं.

"मक्खन, भाभी. एकदम मक्खन," तो सुजितकडे बघतच म्हणाला.

शलाका खाली वाकून माझी पट्टी बघायला लागली. तिचा पाय पट्टीवर पडणारच होता, तेवढ्यात सनी दुकानाच्या दाराकडे पळाला. ती त्याच्या मागे धावली. त्याला धरून परत आली तोवर सुजितने पैसे देऊन टाकले होते. ढकलणार कोण, तर ती. दिवसभर पोरांबरोबर एकटी राहणार कोण, तर ती. आणि निवडून दुसराच मोकळा. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

व्हायचं तेच झालं. लिफ्टच्या दारात मी अडकले. सुजितने मला तिरकी केली, उलटी केली, एकदा लाथही मारली. मग म्हणाला, "ठीक आहे, खालीच राहू दे. काय बिघडतंय?"

काय बिघडत होतं ते मी सांगते. तळमजल्यावर विजेच्या मीटरांखाली माझी जागा ठरली. शलाकाला बाहेर जायचं असलं की एका हातात बाळ, दुसऱ्या हाताला सनी, खांद्यावर पिशवी असं सगळं घेऊन खाली यावं लागायचं. मग बाळाला छातीशी दाबून एका हाताने मला उघडायचं. मी एका हाताने उघडत नाही, माझी घडीच तशी आहे. तेवढ्यात सनी पार्किंगमध्ये पसार. कितीदा तरी ती मला अर्धवट उघडून परत मिटायची आणि मुलांना घेऊन वर निघून जायची. अंबरनाथला तिचं माहेर, म्हणाल तर हाकेच्या अंतरावर. गाडी आली की मुलांना घेऊन आईकडे जात जाईन, असं तिने दुकानात येण्याआधीपासून ठरवलं होतं. ती एकदाही गेली नाही.

बिल्डिंगमधल्या लोकांचं तर बोलायलाच नको. कुणी माझ्या दांडीवर ओला रेनकोट टांगला, कुणी सीटवर कुरियरची खोकी रचली. सेक्रेटरींनी शलाकाला गाठून ऐकवलं, "वहिनी, कॉमन जागेत पर्सनल सामान ठेवता येत नाही." त्यांची स्वतःची बंद पडलेली स्कूटर माझ्या शेजारीच धूळ खात उभी होती.

बारशाला मात्र मला पुसून, फुगे बांधून गेटपाशी उभं केलं. फोटो काढले. सुजितच्या मोबाईलवर वाहवा आली. दुसऱ्या दिवशी फुटलेले फुगे शलाकानेच काढले.

मग तो दिवस आला. बाळाला डोस द्यायचा होता. सुजित सकाळीच कामाला गेला होता. शलाकाने दोघांना माझ्यात बसवलं, पट्टे लावले आणि निघाली. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे जाताना चांगलाच उतार आहे. फूटपाथ नाही. पाइपलाइनसाठी एक बाजू खणून ठेवलेली, म्हणजे चालायचं रिक्षा आणि पाण्याच्या टँकरांच्या मधून.

उताराच्या मध्यावर सनीच्या पट्ट्याची क्लिप तुटली. हलकं प्लास्टिक, दुसरं काय होणार. त्याला समोर कुत्र्याचं पिल्लू दिसलं आणि त्याने सरळ रस्त्यावर उडी टाकली. खालून टँकर येत होता. शलाकाने पाय मारून माझा ब्रेक दाबला. खट्ट असा आवाज आला. आवाजावर विश्वास ठेवून तिने मला सोडलं आणि ती सनीच्या मागे धावली.

उजवी खिळी अडकली. डावी निसटली. मी आधी जागेवरच तिरकी झाले, मग उजवीही दात्यांतून सुटली. मी निघाले. माझ्यात दोन महिन्यांचं लेकरू, आणि मला थांबता येत नव्हतं. ज्या माणसाने फोन कानाला ठेवून "चल जाएगा" म्हटलं होतं तो त्या क्षणी कुठे होता? चहा पीत असेल.

नाक्यावर भिमाबाई भाजी घेऊन बसते. शिरगावातली जुनी बाई. तिने हातातली जुडी टाकली आणि माझ्या आडवी आली. मी तिच्या नडग्यांवर आदळले आणि तिच्या टोपल्यांत शिरून थांबले. बाळ रडायला लागलं. ते रडणं ऐकून माझ्या नळ्यांत जीव आला.

शलाका सनीला काखेत मारून धावत आली. टँकर थांबला होता, सनीला काही झालं नव्हतं. भिमाबाईने बाळ उचलून तिच्या हातात दिलं.

"काय गो पोरी, ब्रेक नाय लावलास?"

"लावला होता, मावशी."

भिमाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पट्टीवर पाय दिला आणि हाताने मला ढकललं. मी हलले. "लावलावतास गो," ती म्हणाली. "तुझा काय दोष नाय."

हे वाक्य त्या दिवशी शलाकाला एवढ्या एकाच माणसाकडून ऐकायला मिळालं. संध्याकाळी सुजित मीटरांपाशी आला, मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या अंगावर फिरवला आणि म्हणाला, "पूर्ण साइडचा पेंट गेला. तू लक्ष कुठे दिलं होतंस?"

शलाका जिन्याच्या पायरीवर उभी होती. "तू माझ्या मुलीला अजून उचलून घेतलेलं नाहीस," ती म्हणाली. "आल्यापासून गाडीचा पेंट बघतोयस."

तो चिडला, मग त्याने टॉर्च बंद केला. "रविवारी दुकानात जाऊन येऊ. बोलतो मी त्याच्याशी."

"नको. मी जाते."

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही मुलांना शेजारणीकडे ठेवलं आणि मला पार्किंगच्या उतारावर नेलं. सीटवर तांदळाची पिशवी ठेवली, ब्रेक दाबला, हात सोडला. मी घरंगळले. तिने मला परत वर नेलं, पुन्हा सोडलं. मी पुन्हा घरंगळले. तिने मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. मग अंबरनाथच्या मोरिवलीत राहणाऱ्या भावाला फोन लावला. "टेम्पो घेऊन ये," एवढंच म्हणाली.

दुकानात गर्दी होती. दुकानदाराची म्हातारी आई गल्ल्यावर बसली होती. सगळे तिला अम्मा म्हणतात. दुकानदाराने मला ओळखलं, शलाकाला ओळखलं नाही.

"साहेब नाही आले?"

"साहेब नाहीत. मी आहे."

"साहेबांना फोन लावा ना, मी समजावतो त्यांना."

तेवढ्यात खरंच सुजितचा फोन आला. दुकानदाराने हात पुढे केला. शलाकाने फोन कापून पर्समध्ये टाकला आणि दुकानाबाहेरच्या चढावर मला उभं केलं. "ब्रेक तुम्ही दाबा. तुमच्या पायाने."

सगळं गिऱ्हाईक बघत होतं. त्याने दाबला. मी त्याच्या डोळ्यांदेखत खाली आले. शलाकाच्या भावाने मला अडवलं.

दुकानदार पटकन नरमला. "बदलून देतो भाभी. ती करडी घेऊन जा. ही ठेवा कोपऱ्यात."

शलाकाने करडी गाडी चढावर नेली. ब्रेक दाबून भावाला तिच्यावर पूर्ण भार द्यायला लावला. पट्ट्याच्या क्लिपा जोर लावून ओढल्या. समाधान झाल्यावर ती निघाली, आणि दारातून परत फिरली.

"ह्या लाल गाडीचं काय करणार तुम्ही?"

"रिपेअर करू."

"कोण करणार? कसं?"

तो माझ्या खरचटलेल्या बाजूकडे बघायला लागला. मला ती नजर कळली. पेंट मारणार, पुसणार, परत काचेमागे उभी करणार. शलाकालाही कळलं. काउंटरवर खोकी फाडायचा कटर पडला होता. तिने तो मागितला.

"भाभी, माझं नुकसान होईल."

"तुमचं होईल. माझं होता होता राहिलं."

तो कटरवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा गल्ल्यावरून अम्मा बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "दे उसको. तू नहीं देगा तो मैं दूँगी."

शलाकाने माझे चारही पट्टे कापले. मग दोन्ही सीटांचं लाल कापड उभं फाडलं. मला दुखलं का, असं विचाराल तर नाही. माझ्यासाठी आजवर कुणी इतकं नीट काम केलं नव्हतं.

आता मी त्या दुकानामागच्या गल्लीत असते. सांगाडा आणि चाकं शाबूत आहेत, म्हणून दुकानातला हमाल माझ्यावर पाण्याचे जार लादतो आणि सपाट गल्लीतून इकडून तिकडे नेतो. ते मला जमतं. पण काल एक माणूस आला. मला हलवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "मस्त आहे गं ही. नवीन कापड शिवून घेऊ, आपल्या दोन्ही पोरांना होईल." बायकोच्या कडेवर एक पोर होतं आणि दुसरं पोटात होतं. उद्या येतो, असं हमालाला सांगून तो गेला.

तो माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला सांगा. आधी तुझ्या बायकोला विचार म्हणावं, आणि तिच्या हातात दांडी देऊन चढावर चल. मला पाण्याचे जार द्या, सिमेंटच्या गोण्या द्या, भंगारात घाला. पण माझ्या अंगावर पोर ठेवू नका.