हमूर संघाचा मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो, पण सोंगाढोंगाचा नव्हे, खेळाचा. लोखंडी सळ्यांची जाळी, कडेने चामड्याची गादी आणि डोक्यामागे बांधायचा चामडी पट्टा, एवढाच माझा संसार. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या पाठीमागे आपल्या यष्टिरक्षकासारखा एक गडी उकिडवा बसतो. त्याला कॅचर म्हणतात. सुसाट आलेला चेंडू त्याच्या तोंडावर बसू नये म्हणून मी असतो. चेंडू आदळला की माझ्यातून ठण्ण असा आवाज निघतो आणि आतला माणूस हसतो. काय सांगू, त्या हसण्यासाठी मी कितीही मार खाल्ला असता.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या एका गिरणीच्या गावात पगारी खेळाडूंचा संघ होता, त्याच्या कॅचरसाठी मला शिवलं. कॅचरचं नाव डेल. आमचा संघ कधी जिंकायचा, बऱ्याचदा हरायचा, पण गाव मात्र दर सामन्याला लोटायचं. मग गिरणी बंद पडली, मालकाने संघ मोडला आणि खेळाडू पोटापाण्याला चार दिशांना पांगले. डेल मला पिशवीत घालून सौदी अरेबियात आला, रास तनुराच्या तेलाच्या कारखान्यात.

तिथे करमेना म्हणून त्याने कामगारांचा नवा संघ उभा केला. वाळूवर तेल शिंपडून, ती दाबून घट्ट केली आणि झालं मैदान. संघाचं नाव ठेवलं हमूर. हमूर म्हणजे तिकडचा मासा, कोकणात ज्याला हेकरू म्हणतात तो. सुरुवातीला आमचे हमूर इतके हरले की समोरचे संघ आम्हाला तळून खायची भाषा करायचे. डेलचे गुडघेही आता बसायला नकार देत होते.

अशात रत्नागिरीचा कादिर आला. पंप दुरुस्त करणारा फिटर, गावाकडे टेनिस बॉलच्या सामन्यांत यष्टी सांभाळलेला. बेसबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण चेंडू त्याच्या हातून सुटत नव्हता. डेलने आपल्या हाताने मला त्याच्या तोंडावर बांधलं. पुढच्या काही वर्षांत हमूरांनी शुक्रवारच्या सामन्यांची ढाल दोनदा जिंकली. एकदा तर लोकांनी कादिरला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या डोक्यावर मी. तेव्हा माझी छाती फुगली होती हो, नसलेली छातीसुद्धा.

कादिरची लाडकी लेक अदिबा कुंपणाला नाक लावून सामने बघायची. चेंडू माझ्यावर आदळला की डोळे घट्ट मिटायची. सामना संपला की कादिर तिला उचलून घ्यायचा आणि म्हणायचा, हा मुखवटा घातला ना, की तुझ्या अब्बांना काही म्हणजे काही होत नाही. तिला ते पटलं. मलाही ऐकायला गोड वाटायचं.

मग नव्वद साल आलं. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी गोऱ्यांची बायकामुलं गेली, मग डेल गेला. आमचा चेंडू टाकणारा रामोन मनिलाला परतला. एका शुक्रवारी मैदानावर चौघेच जमले, थोडी फेकाफेक केली आणि नुसते बसून राहिले. पुढच्या शुक्रवारी तिथे लष्कराचे ट्रक उभे होते. हमूर संघ असा संपला, शेवटचा सामनाही न खेळता. कादिरने मला घरी नेलं आणि खिळ्याला टांगलं.

घर शेजारच्या रहीमा गावात. कादिरची बायको आमिना हिला माहेरून निरोपावर निरोप येत होते, की लेकीला घेऊन निघून ये. कादिरला कारखाना सोडता येत नव्हता. आमिनाचं एकच म्हणणं, जायचं तर तिघांनी. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या. विषारी वायूचे बॉम्ब पडतील अशी आवई होती, म्हणून रबराचे मुखवटे आले. दोन मोठ्यांना नीट बसले. लहान मुलांच्या मापाचे मात्र बाजारात उरलेच नव्हते. अदिबाला मोठाच घ्यावा लागला. तो तिच्या तोंडावरून घसरायचा, त्याच्या वासाने तिला मळमळायचं आणि घातला की ती रडून रडून गुदमरायची.

जानेवारीत लढाईला तोंड फुटलं. जवळच्या दमाम शहराच्या बाजूला इराकी स्कड क्षेपणास्त्रं पडल्याच्या बातम्या आल्या. एके दिवशी मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या, सुमारास धोक्याचा भोंगा वाजला, तेव्हा कादिर कामावर होता. आमिनाने दाराखाली ओला टॉवेल कोंबला, स्वतः रबरी मुखवटा घातला आणि अदिबाचा हातात घेऊन वळली. तर पोरगी खुर्चीवर चढून मला काढतेय! मला तोंडावर दाबून ती पलंगाखाली शिरली.

"मला तो नको," ती आतून म्हणाली. "मला अब्बांचाच पाहिजे. हा घातला की काही होत नाही."

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल! ती माझ्या आत श्वास घेत होती आणि तो श्वास माझ्या सळ्यांमधून सरळ ये-जा करत होता. मी नुसती भोकंच आहे गं बाई, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण ठण्ण करण्यापलीकडे मला वाचा कुठे? आमिनाने ओढलं, विनवलं, दटावलं. पोरीने सळ्या सोडल्या नाहीत. शेवटी आमिनाने हात टेकले. तिने आपला मुखवटा उतरवून बाजूला ठेवला, उघड्या तोंडाने पलंगाखाली सरकली आणि लेकीला कुशीत घेऊन कलमा पुटपुटत पडून राहिली. भोंगा थांबेपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो. त्या दिवशी काही पडलं नाही, हे नशीब.

सकाळी कादिर परतला. आमिनाने सगळं सांगितलं. मग अदिबाला समोर बसवून त्याने मला तिच्या तोंडावर धरलं आणि बाहेरून फुंकर मारली.

"लागली?"

"लागली."

"म्हणजे यातून हवा येते. चेंडू येत नाही, हवा येते. काही होत नाही म्हणालो, ते मी चुकीचं सांगितलं होतं."

अदिबाचे डोळे भरून आले. कादिरचेही आले, आणि त्याने ते लपवले नाहीत. मग त्याने माझा पट्टा सोडवला. घामाने काळा पडलेला, त्याच्या डोक्याचा आकार घेतलेला तो पट्टा. रबरी मुखवट्याच्या कड्यांत तो ओवला आणि तिच्या डोक्याभोवती घट्ट आवळला. मुखवटा घसरायचा थांबला.

"हा माझा पट्टा," तो म्हणाला. "मी कामावर असलो तरी हा तुला धरून ठेवील."

पुढचा भोंगा वाजला तेव्हा अदिबाने आपला मुखवटा स्वतः चढवला. रडली, पण काढला नाही. मी खिळ्यावरून पाहत होतो. पट्टा गेल्यामुळे मी आता कुणाच्या तोंडावर बसू शकत नव्हतो, आणि खरं सांगतो, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. फेब्रुवारी संपता संपता लढाईही संपली.

पुढे कादिर निवृत्त होऊन रत्नागिरीला आला, मीही आलो. वर्षानुवर्षं माळ्यावर गंज खात पडलो. अदिबा आता रियाधला बँकेत आहे. गेल्या महिन्यात सुट्टीवर आली आणि आमिनाच्या पेटीत तिला तो रबरी मुखवटा सापडला. रबराचा चुरा झाला होता, पट्टा तेवढा शाबूत होता. तिने पट्टा काढला, तेल लावून मऊ केला आणि माझ्या कड्यांत परत बसवला. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी माळ्यावर पडलं असेल. त्याला काढा, पुसा, त्याचं काम त्याला परत द्या. पण जे काम त्याचं नाही, त्याच्या भरवशावर कुणाला ठेवू नका.

अदिबाची मुलगी मासूमा मला बांधून अंगणात उकिडवी बसली. कादिरने खुर्चीतूनच हळू चेंडू टाकला. ठण्ण! पोरगी खिदळली आणि विचारती झाली, "नाना, हा घातला की काहीच लागत नाही?"

कादिरने अदिबाकडे पाहिलं.

"चेंडू लागत नाही," तो म्हणाला. "बाकी सगळं लागतं."