भिजलेल्या भट्टीची गोष्ट

मित्रांनो, मी पाव भाजणारी एक जुनी भट्टी आहे. माझे पोट विटांचे आहे आणि तोंडाला लोखंडी झाकण. मला बांधणाऱ्या गवंड्याला सगळे ओळंबाकाका म्हणतात, कारण ओळंब्याची दोरी धरून भिंत सरळ आहे का बघावे, तसे ते माणसांकडेही एक डोळा मिटून बघतात.

बेकरीवाला, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण अशी तिघे माझ्यापाशी राबत. तो पहाटे माझ्या तळावर चिमूटभर पीठ टाकून बघायचा. पीठ सावकाश तांबूस झाले, की म्हणायचा, "चला, बाईसाहेब तयार आहेत!" मग लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकायचे. गल्लीतले लोक वासानेच जागे होत. कुणी माझे कौतुक केले, की मला उगाचच जास्त गरम वाटायचे.

बहीण रविवारी न चुकता चर्चमध्ये जाई. भाऊ तिला 'आमच्या भक्तीणबाई' म्हणून चिडवायचा. वहिनीला त्यात ना गोडी होती, ना विरोध.

मग एका सकाळी नदी गल्लीत शिरली. बेकरीवाल्याने शेजारच्या आजोबांना खांद्यावर घेऊन गच्चीवर पोचवले. आणखी कुणी अडकले आहे का, ते बघायला तो पुन्हा खाली उतरला. तो परत आला नाही.

पाणी ओसरले तेव्हा माझ्यात तोंडापर्यंत गाळ भरला होता. बहीण रोज येऊन तो खोऱ्याने ओढून काढी. वहिनी पायरीवर नुसती बसून राही. एक दिवस तिने ओळंबाकाकांना बोलावले.

"काका, ही पाडून टाका. विटा लागतील त्याला नेऊ दे."

माझे लोखंडी झाकण करकरले.

"वहिनी, अगं, आधी सुकू तरी दे तिला," बहीण म्हणाली.

"कशाला? पाव कोण भाजणार? तुझा देव? मी गच्चीवरून घसा फुटेपर्यंत हाका मारत होते, तेव्हा कुठे होता तो?"

बहिणीने खोरे खाली ठेवले.

"माहीत नाही गं. तो माझाही दादाच होता. मी रोज विचारते देवाला."

"आणि तरी जातेस चर्चमध्ये?"

"विचारायलाच जाते."

ओळंबाकाकांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. "पाडायला काय, कधीही पाडू," ते पुटपुटले. "तोवर रोज चार काटक्या जाळत जा पोरींनो. मोठा जाळ करायचा नाही हं."

त्यांचे बरोबर होते. ओली वीट एकदम तापवली, तर आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती वीट फोडते. म्हणून माझी ओल सावकाश काढायची होती.

रोज सकाळी दोघी काटक्या पेटवून माझ्यासमोर बसू लागल्या. बहीण उपदेश करत नसे. एकदा तिने सहज सांगितले, की येशूचा एक मित्र वारला, तेव्हा त्याच्या कबरीपाशी येशू रडला होता.

"देव रडला?" वहिनीने मान वर केली. "त्या मित्राला मरणातून उठवणारच होता ना तो?"

"हो. तरी आधी रडला."

त्या दिवशी विझत आलेल्या जाळात वहिनीने आपल्या हाताने आणखी काटक्या घातल्या.

पण एका सकाळी तिचा धीर सुटला. बाहेरून मी कोरडी दिसत होते. तिने थेट ओंडके घातले. थोड्याच वेळात माझ्या छतात कडाड् आवाज झाला. मला वाटले, संपले आता.

"हेही मीच घालवलं," म्हणत ती खाली बसली. बहीण ओळंबाकाकांना बोलवायला धावली. वहिनी आणि मी, दोघीच उरलो. मग ती हलकेच म्हणाली, "येशू, मला तुझा राग आलाय. खूप राग आलाय. पण तू रडला होतास म्हणे. मग थोडा वेळ माझ्याजवळ बस."

आभाळातून काही आवाज आला नाही. पण कुणीतरी शेजारी येऊन बसावे, तसे तिचे खांदे सैल झाले. मग ती पोटभर रडली, पुरानंतर पहिल्यांदाच.

काकांनी माझ्यात डोके घालून पाहिले. "एकच वीट गेलीय. कमान आहे ही, बाकीच्यांनी एकमेकींना धरून ठेवलंय. माती भरतो. पुन्हा काटक्यांपासून सुरू करा."

"पाडायची नाही ना मग?" बहिणीने वहिनीकडे बघत विचारले.

"पाडायची असती, तर रडले असते का?" वहिनी म्हणाली.

चर्चचे छप्पर पुरात गेले होते. वहिनीनेच तिथल्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकांना, प्रार्थनेसाठी बेकरी उघडून दिली. रविवारी लोक आपापली स्टुले घेऊन आले. प्रार्थनेच्या वेळी ती आधी माझ्यासाठी काटक्या मोडत मागे उभी राहायची. पुढे पुढे काटक्या मोडून झाल्यावर तिने नणंदेशेजारी स्टूल टाकले.

मग एका रविवारी पुरानंतरचा पहिला पाव माझ्यातून निघाला, तो खालून करपलेला.

"दादा असता, तर ओरडला असता," बहीण म्हणाली.

"ओरडला असता आणि दोन खाल्ले असते," वहिनी म्हणाली. दोघी हसता हसता डोळे पुसू लागल्या. वहिनीने तो पाव मोडून जमलेल्यांना वाटला. आपला तुकडा हातात धरून ती म्हणाली, "तो येशूपाशी आहे. आमची भेट होणार आहे."

मित्रांनो, तुमच्या जवळचे कुणी दुःखात बुडाले असेल, तर त्याला घाईने वाळवायला जाऊ नका. त्याला टाकूनही देऊ नका. रोज थोडी ऊब घेऊन त्याच्याजवळ बसा. एवढे करा, बाकीचे देव करतो. आता मला रजा द्या. वहिनी पाव सरकवते आहे, आणि बाहेर लोक थांबले आहेत.